मेलेला गडी उठतो कसा? ‘ड्रेडबॉल’ या पटखेळाशी पहिली ओळख

गणपतीत आमच्या गुहागरच्या घरी चाकरमान्यांबरोबर पत्त्यांचे जोड येतात. आरत्या झाल्या, पाने उचलली गेली की ओटीवर सतरंजी पडते आणि मध्यरात्रीपर्यंत मेंढीकोट चालतो. गेल्या वर्षी पाऊस उघडायचे नाव घेत नव्हता. पुण्याहून आलेल्या पुतण्याने पत्त्यांऐवजी गाडीतून एक जाड खोका काढला. इंग्लंडात दोन वर्षे नोकरीला होता तेव्हा त्याने तो कुणाकडून तरी वापरलेला विकत घेतला होता. खोक्यावर चिलखत चढवलेले खेळाडू आणि आत बोटाच्या दोन पेरांएवढ्या मूर्ती. “काका, तुझ्या विषयातलं आहे, बघ,” म्हणून त्याने तो माझ्यापुढे ठेवला.

माझा विषय म्हणजे आपले जुने बैठे खेळ. या विषयाची पदवी माझ्याकडे नाही. पोफळीच्या बागेतून सवड मिळेल तसा गेली तीसेक वर्षे मी कापडी सारीपाट, मोक्षपटांच्या प्रती, सावंतवाडीच्या गंजिफा, देवळांच्या फरसबंदीवर कोरलेले वाघबकरीचे पट बघत हिंडलो आणि वह्या भरल्या. त्या वह्यांत एक विभागणी मी कधीच तपासली नव्हती : पटावरचा जुना खेळ म्हणजे संस्कृती, खोक्यातून विकत मिळणारा खेळ म्हणजे व्यापार. पाच दिवसांत सहा सामने खेळल्यावर ती विभागणी आहे तशी ठेवणे मला जमलेले नाही. हा लेख त्या अडचणीतून निघाला आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. सहा सामने ही ओळख झाली, अभ्यास नव्हे. आम्ही पहिल्या आवृत्तीतले दोनच संघ खेळलो. सामन्यामागून सामने लावून संघ वाढवत नेण्याचा जो ‘लीग’ प्रकार आहे, तो मी वाचला आहे, खेळलेलो नाही. तरीही पहिल्या ओळखीत जे दिसते ते सरावाने दिसेनासे होते, हा माझा अनुभव आहे. म्हणून ते आत्ताच लिहून ठेवतो.

चढाई, धडक आणि गोल

‘ड्रेडबॉल’ हा मँटिक गेम्स या ब्रिटिश कंपनीचा खेळ. किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून तो २०१२ साली निघाला. त्याचे नियम जेक थॉर्नटन यांनी रचले. खेळाची जात सांगायची तर हा लघुमूर्तींचा पटखेळ आहे. मूर्ती घरी चिकटवायच्या, हौस असेल तर रंगवायच्या, आणि पटावर त्यांच्याकडून एक काल्पनिक मैदानी खेळ खेळवून घ्यायचा.

या घराण्याला पूर्वज आहेत. गेम्स वर्कशॉप कंपनीचा, जर्व्हिस जॉन्सन यांनी रचलेला ‘ब्लड बोल’ १९८६ सालचा. त्यात बुटके, राक्षस आणि अशीच मंडळी अमेरिकन फुटबॉलसारखा खेळ खेळतात. संगणकावर १९८८ साली ‘स्पीडबॉल’ आला, त्यात बंदिस्त पोलादी मैदानात चेंडूसाठी मारामारी होती. त्याआधी १९७५ साली नॉर्मन ज्युइसन यांचा ‘रोलरबॉल’ हा चित्रपट आला होता, विल्यम हॅरिसन यांच्या १९७३च्या कथेवरून. त्या चित्रपटात राष्ट्रे संपलेली आहेत, जग कंपन्यांच्या ताब्यात आहे, आणि एकट्या माणसाच्या कर्तृत्वाला काही अर्थ नाही हे लोकांच्या मनावर ठसवण्यासाठी एक हिंसक खेळ चालवला जातो. ड्रेडबॉलचे कूळ या चित्रपटापर्यंत पोचते हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता खेळ. षटकोनी घरे आखलेले लांबट मैदान. प्रत्येक संघाच्या मूर्ती आठ, एका वेळी मैदानात जास्तीत जास्त सहा. खेळाडू तीन प्रकारचे. ‘गार्ड’ धडक देतो, पण चेंडूला हात लावू शकत नाही. ‘स्ट्रायकर’ चेंडू उचलतो, झेलतो, फेकतो, पण धडका मारत नाही. ‘जॅक’ दोन्ही करतो आणि कशातच फार तरबेज नसतो. मैदानाच्या मधल्या रेषेवरून चेंडू यंत्राने आत फेकला जातो. प्रत्येक संघाला गोल मारायला तीन जागा असतात. कुठल्या जागेत आणि कुठून मारला यावर एका गोलाचे एक ते चार गुण मिळतात.

पाळीला या खेळात ‘रश’ म्हणतात. आमच्या ओटीवर पहिल्याच सामन्यात तिची ‘चढाई’ झाली आणि तीच राहिली. एका चढाईत पाच कृती करता येतात, एका खेळाडूच्या वाट्याला त्यांतल्या फार तर दोन. चेंडू हातून निसटला की उरलेल्या कृती वाया जातात आणि चढाई तिथेच संपते. दोन्ही संघांच्या मिळून चौदा चढाया झाल्या की सामना संपतो.

गुण मोजण्याची रीत मला फार आवडली. दोन संघांचे गुण वेगळे मोजतच नाहीत. एकच पट्टी आहे, तिच्या मधोमध शून्य आणि दोन्ही टोकांना सात. आपण गोल मारला की खूण आपल्याकडे सरकते, समोरच्याने मारला की परत जाते. खूण एका टोकाला पोचली की सामना तिथल्या तिथे संपला. थोडक्यात, ही रस्सीखेच आहे. पहिल्या सामन्यात मी पाच गुण पुढे होतो. पुतण्याने दोन चढायांत चार आणि तीन असे सात गुण काढले, आणि मी कमावलेले पाच कुठेच नोंदलेले उरले नाहीत. क्रिकेटमध्ये हरलेल्या संघाचीही धावसंख्या फलकावर राहते. इथे हरणाऱ्याचा इतिहास पुसला जातो. ही पट्टी म्हणजे त्या खेळाने जगाविषयी केलेले पहिले विधान आहे.

आधी दान की आधी निर्णय?

सारीपाटात आधी दान पडते, मग ते कुठल्या सोंगटीला द्यायचे ते आपण ठरवतो. दैव आधी बोलते आणि माणसाची अक्कल त्यातून वाट काढते. ‘पौ बारा’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आला तो या क्रमातून. दान पडले, आता त्याचे सोने करा.

ड्रेडबॉलमध्ये क्रम उलटा आहे. कोणता खेळाडू काय करणार हे आधी जाहीर करायचे, मग फासे टाकायचे. समजा, चेंडू उचलायला तीन फासे मिळाले आणि निदान एकावर चार किंवा अधिक यायला हवेत. तिन्ही फासे फसण्याची शक्यता आठात एक. आठात एक म्हणजे फार नव्हे, असे म्हणून माणूस पुढे जातो आणि नेमका तिथे फसतो. गरजेच्या दुप्पट यश मिळाले तर काही कृतींत बक्षीस म्हणून पुढची कृती फुकट मिळते. त्यामुळे माणूस भरपूर फासे मिळतील अशी जागा शोधत राहतो. शिवाय चुकले की चढाईच संपते, म्हणून सगळ्यात महत्त्वाची कृती आधी करायची की सुरक्षित कृती आधी उरकून घ्यायच्या, हा प्रश्न दर चढाईला पडतो.

या उलट्या क्रमाने खेळाचा स्वभाव बदलतो. सारीपाटात हरलेला माणूस “दानच पडलं नाही” म्हणून मोकळा होतो. इथे ती सोय नाही. “तू ठरवलंस तेव्हा काय होणार हे तुला ठाऊक होतं,” असे पुतण्या मला दर वेळी ऐकवी, आणि ते खरे असे. जुन्या फाशांत दैव आहे, या फाशांत जोखीम आहे. या दोन शब्दांत जो फरक आहे तो दोन काळांतला आहे, असे मला वाटते. जोखमीचा हिशेब करता येतो, तिचा विमा उतरवता येतो, तिची किंमत लावता येते. दैवाची लावता येत नाही.

इथवर माझे मत खेळाच्या बाजूचे होते. तिसऱ्या रात्री आबा आले.

“आपोआप?”

आबा आमच्या शेजारचे. सत्तरी उलटलेली. तरुणपणी वाडीच्या संघातून हुतूतू खेळलेले, आणि आजही प्रकाशझोतातले सामने असले की खुर्ची टाकून पहिल्या रांगेत बसणारे. आरतीला आले ते खेळ बघत थांबले. मैदानाबाहेर पडलेल्या एका मूर्तीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले,

“हा कोण?”

“जखमी आहे, आबा. दोन चढाया बाहेर.”

“आणि त्याच्या गड्यांनी गोल मारला तर उठेल?”

“नाही. दोन चढाया गेल्या की आपोआप उठेल.”

“आपोआप?” आबा थोडा वेळ पटाकडे बघत राहिले. “मग बाकीचे खेळतात कुणासाठी?”

या प्रश्नाने माझ्या वह्यांतली एक कोरी जागा मला दिसली. मेलेला गडी परत कसा येतो, या एका प्रश्नावरून खेळ लावून बघावेत असे मला तीस वर्षांत सुचले नव्हते.

बुद्धिबळात मेलेला मेला. प्यादे शेवटच्या पट्टीला पोचले तर त्याचा वजीर होतो, पण ती बढती आहे, मेलेल्याचे उठणे नव्हे. सारीपाटात मारलेली सोंगटी मरत नाही, पहिल्यापासून सुरू करते. तिची वाटचाल फुकट जाते आणि तिने पटावर पुन्हा कधी यायचे ते फासे ठरवतात. म्हणजे एका खेळात मृत्यू अंतिम आहे, तर दुसऱ्यात तो पुनर्जन्मासारखा आहे.

हुतूतूने या प्रश्नाचा जितका विचार केला तितका दुसऱ्या कुठल्या खेळाने केला असेल असे मला वाटत नाही. त्याचे तीन जुने प्रकार या एकाच प्रश्नाची तीन उत्तरे आहेत. ‘अमर’ प्रकारात गडी मरतच नाही. त्याला बाद केले की समोरच्याला गुण मिळतो आणि तो मैदानातच राहतो. ‘गमिनी’त बाद झालेला बाहेर बसतो तो सगळा संघ बाद होईपर्यंत. ‘संजीवनी’त आपल्या संघाने समोरचा गडी मारला की आपला एक मेलेला उठतो, जो आधी बाद झाला तो आधी. आजची कबड्डी या संजीवनीची वारस आहे. नियम लिहून काढण्याचे आणि एकसारखे करण्याचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात आणि बडोद्यात झाले. आशियाई स्पर्धेत १९९०पासून खेळला जाणारा खेळ याच नियमांवर उभा आहे.

आबांच्या प्रश्नाचा अर्थ या संदर्भात कळतो. हुतूतूत बाहेर बसलेल्या गड्याचा जीव आतल्या गड्याच्या हातात असतो. “आमच्यात मेलेला बाहेर बसायचा,” आबा म्हणाले, “पण डोळे आत. कोण कुणाचा पाय धरतोय ते त्याच्याइतकं कुणी बघत नसे.” चढाई करणारा केवळ गुण आणायला जात नाही, तो माणूस परत आणायला जातो. ड्रेडबॉलमध्ये जखमी खेळाडू आघाताच्या मानाने एक, दोन किंवा तीन चढाया बाहेर बसतो आणि वेळ भरली की येतो. त्याच्या सोबत्यांनी काही केले काय, न केले काय, सारखेच. आणि आघात फारच जबर असला तर तो मरतो. लीगमध्ये त्याच्या जागी नवा विकत घ्यावा लागतो.

किमतीचा रकाना

विज्ञानकाल्पनिका म्हणून या खेळाकडे बघितले तर पहिल्या नजरेला निराशा होते. माणसे, हिरव्या कातडीचे ऑर्क आणि गॉब्लिन, बुटके खाणकरी, उंदरासारखे व्हीर-मिन. परीकथांतलीच मंडळी अवकाशात नेऊन बसवली आहेत. विज्ञान म्हणावे असे यात फारसे नाही. मराठी वाचकाला विज्ञानकथेची याहून कडक सवय आहे. जयंत नारळीकर १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने ‘कृष्णविवर’ घेऊन उतरले, तेव्हापासून कथेतली एकच कल्पना शास्त्राला धरून ताणावी, बाकी जग ओळखीचे ठेवावे, अशी शिस्त आपल्याकडे मानली गेली. त्यांच्याच ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत क्रिकेटपटू आहे. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा माणूस डावखुरा होऊन येतो आणि त्यातून भूमितीचा एक प्रश्न उलगडतो. खेळ आणि विज्ञानकथा यांची आपल्याकडे झालेली ही दुर्मीळ भेट. तिथे खेळ साधन आहे, विषय अवकाशाच्या घडणीचा आहे.

ड्रेडबॉलमध्ये ती ताणलेली एकच कल्पना मला चित्रांत सापडली नाही, नियमपुस्तकातल्या तक्त्यांत सापडली. प्रत्येक खेळाडूपुढे वेग, ताकद, कौशल्य यांचे आकडे आहेत आणि शेजारी एक रकाना किमतीचा. नवा संघ शंभर ‘मेगाक्रेडिट’मध्ये बसवायचा. गार्ड इतक्याचा, स्ट्रायकर इतक्याचा. खेळाडू मेला की त्याचे मोल संघाच्या मोलातून वजा होते. विश्वाची पार्श्वभूमी अशी की दीर्घिकेचा मोठा भाग कंपन्यांच्या एका महासंघाच्या ताब्यात आहे. त्याचे नाव ‘गॅलॅक्टिक को-प्रॉस्पेरिटी स्फिअर’. सह-समृद्धी हा शब्द रचनाकारांनी सहज उचललेला नसावा. दुसऱ्या महायुद्धात जपानने आशियातल्या आपल्या साम्राज्याला असेच गोंडस नाव दिले होते. खेळातली विज्ञानकल्पना एवढीच आहे : खेळाडू ही किंमत असलेली वस्तू आहे, हे गृहीतक शेवटपर्यंत नेले तर खेळ कसा दिसेल? रोलरबॉलने हे चित्रपटात विचारले. ड्रेडबॉल ते आपल्याच हातून करवून घेतो, हा त्याचा विशेष.

आमच्या गुहागर तालुक्यात ‘कंपनी’ हा शब्द कोरा नाही. अंजनवेलजवळच्या वीजप्रकल्पाने दहा-पंधरा वर्षे तो घरोघरी बोलला गेला. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी गोपाळगडाच्या शेजारी उभ्या राहिलेल्या त्या प्रकल्पामागची अमेरिकन एन्रॉन डिसेंबर २००१मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा जगातल्या बलाढ्य कंपनीचाही डाव उधळतो हे आम्ही घराजवळून पाहिले. त्यामुळे दीर्घिका चालवणाऱ्या कंपन्या वाचून पुतण्या हसला तसा मी हसलो नाही.

किमतीचा रकाना तरी कुठे भविष्यातला आहे? क्रिकेटपटूंचा जाहीर लिलाव २००८ साली झाला. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली ती लिलावानेच, आणि २०१८च्या लिलावात यू मुम्बाने इराणच्या फझल अत्राचालीला एक कोटी रुपयांना घेतले. मी याला नावे ठेवणार नाही. ज्या खेळात गुडघे फुटून हाती फार तर एक ढाल आणि प्रमाणपत्र येई, त्या खेळातल्या पोराला पैसे मिळू लागले. आबांचे मतही तेच. पण एक फरक नोंदवला पाहिजे. प्रो कबड्डीत लिलाव मॅटच्या बाहेर आहे. मॅटवर अजून संजीवनीच चालते. कोटीचा खेळाडू बाद झाला तरी त्याला उठवायला लाखाचा सोबतीच लागतो. ड्रेडबॉलने बाहेरचा हिशेब मैदानात आणला आहे. त्यात सोबती उठवत नाही. घड्याळ उठवते, आणि घड्याळ हरले तर तिजोरी.

आमची संजीवनी आणि आबांचा लोण

इथपर्यंत विचार आला तेव्हा लेख मनात तयार झाला होता : आपला खेळ माणुसकीचा, त्यांचा खेळ बाजाराचा. तो तसा लिहिला असता तर दिवाळी अंकात शोभलाही असता. पण पुतण्या म्हणाला, “काका, नियम बदलून बघू या ना.” म्हणून सहावा सामना आम्ही संजीवनीने खेळलो. घड्याळाने कुणी उठायचे नाही. आपल्या संघाने गोल मारला की आधी बाहेर गेलेला एक जखमी आत येईल.

सुरुवात छान झाली. पुतण्याची नऊ वर्षांची मुलगी माझ्या बाजूने खेळत होती. तिने बाहेरच्या मूर्ती ओळीने मांडल्या आणि पहिला गोल होताच “उठ रे!” म्हणून एकाला आत ठेवले. ओटीवर टाळ्या पडल्या. गोलाला वेगळेच वजन आले. मग पुतण्याच्या ऑर्कांनी आमचे गडी एकामागून एक बाहेर काढायला सुरुवात केली. बाहेर गेलेला आपोआप येत नसल्याने धडकेचा फायदा दुपटीने वाढला होता. आम्ही तिघांवर आलो, मग दोघांवर. दोघांत गोल होईना, गोल होईना म्हणून कुणी उठेना, कुणी उठेना म्हणून गोल होईना. दहाव्या चढाईला मुलीने फासे खाली ठेवले.

“तुमचा लोण कुठाय?” आबांनी विचारले.

बरोबर होते. संजीवनी एकटी चालत नाही. हुतूतूत सगळा संघ बाद झाला की लोण चढतो. समोरच्याला जादा गुण मिळतात, पण सगळे मेलेले एकदम उठतात आणि खेळ पुन्हा बरोबरीच्या संख्येने सुरू होतो. संजीवनी सोबत्यांची दया आहे. लोण ही नियमाची दया आहे, सोबती उरले नाहीत तेव्हाची. ही दुसरी अट मी विसरलो होतो. तीस वर्षे या खेळांवर टिपणे काढणाऱ्याला ती सुचली नाही. ज्याने प्रत्यक्ष लोण खाल्ला त्याला सुचली.

तेव्हा घड्याळाचाही अर्थ बदलला. थॉर्नटन यांनी जखमींना वेळेवर उठवले ते केवळ रुक्षपणाने नव्हे. ड्रेडबॉलमध्ये घड्याळ लोणाचे काम करते. मागे पडलेला संघ पुरता गाळात जाऊ नये, दोन-तीन चढाया दम धरला तर त्याला पुन्हा उभे राहता यावे, ही सोय त्यात आहे. जो नियम मी बाजाराचा म्हणून बाजूला काढत होतो तो खेळातला सगळ्यात उदार नियम निघाला. हिंसेची आणि किमतीची एवढी आरास करणाऱ्या खेळालाही हरणाऱ्याला उठवण्याची व्यवस्था करावीच लागते. नाहीतर तो खेळ राहत नाही, नुसती कत्तल होते. हे रोलरबॉलमधल्या कंपन्यांना कळले नव्हते. खेळ रचणाऱ्याला कळावेच लागते, कारण त्याच्यासमोर कंटाळून फासे खाली ठेवणारे एक मूल बसलेले असते.

उणे आणि अधिक

तक्रारी आहेत. नियमपुस्तकात मूळ नियम थोडे आणि अपवाद फार. प्रत्येक खेळाडूला एखादी खास करामत आणि ती आठवण्यासाठी पुन्हा पाने चाळणे. पहिला सामना त्यामुळे अडीच तास चालला, सहावा पाऊण तासात आटोपला. मूर्ती चिकटवण्याचे काम नाजूक, कोकणच्या दमट हवेत रंग लवकर वाळत नाही. पटाची छपाई भडक, आणि ट्यूबलाइटखाली घरांच्या रेषा माझ्या डोळ्यांना दिसेनात. मुख्य तक्रार मात्र उपहासाची आहे. खेळाडू मेला की पुस्तक विनोद करते. एक-दोनदा तो विनोद लागतो, नंतर लागत नाही. किमतीचा रकाना उघडपणे मांडून खेळ जे दाखवून देतो, ते त्याच्या हसण्यात बोथट होते. ज्याची टर उडवायची त्याचीच चटक लावायची, हा या जातीच्या खेळांचा जुना दोष इथेही आहे.

अधिक बाजूला एकच गोष्ट ठेवतो, पण ती मोठी आहे. नियम पुरते लिहिलेले आहेत. इंग्लंडात रचलेला खेळ, तिथल्या कुणाला न भेटता, गुहागरच्या ओटीवर चार माणसे भांडत भांडत बरोबर खेळू शकली, आणि मोडूनही बघू शकली. आपल्या मैदानी खेळांचे असे काम बडोद्याहून निघालेल्या द. चिं. मुजुमदारांच्या दहा खंडांच्या व्यायामज्ञानकोशाने एकदा केले. वाडीवाडीचे भेद मात्र माणसांच्या तोंडीच राहिले. मी सारीपाटाच्या कापडांचे फोटो काढत गावोगाव हिंडलो आणि शेजारच्या माणसाला त्याच्या अंगणातला हुतूतू विचारला नाही. तो मैदानी, माझा विषय बैठा, अशी आणखी एक विभागणी मी करून ठेवली होती.

चौथ्या सामन्यात मुलीचा एक स्ट्रायकर मेला होता. तिने तो खोक्यात टाकू दिला नाही, पटाच्या कडेला उभा केला. “खेळू नको दे, बघू तर दे त्याला,” असे तिचे म्हणणे. नियमात तसे काही नाही, पण कुणी हरकत घेतली नाही.

विसर्जनाच्या आदल्या रात्री मी वही घेऊन आबांकडे गेलो. अंगण अरुंद म्हणून त्यांच्या वाडीत पाच-पाचांचे संघ असत. पावसाळी चिखलात रेषा टिकत नसे म्हणून मधोमध सुंभाची दोरी ताणून दोन्ही टोकांना खुंट्या ठोकत, आणि दोरीला पाय अडकून पडला तर तो बाद नाही, त्याने पुन्हा चढाई करायची. या ओळी मी लिहून घेतल्या. दोरीचा नियम आजवर वाचलेल्या कुठल्या पुस्तकात मला आढळला नव्हता. आबा म्हणाले, “हे काय लिहिण्यासारखं आहे?” मी त्यांना खोक्यातले नियमपुस्तक दाखवले. त्यांनी ते उलटसुलट करून बघितले, जाडी हाताने जोखली आणि म्हणाले, “एवढं? मग बस. उद्या सकाळी ये, नीट सांगतो.”